तीन पायांवर पळणारी कुत्री

प्रश्न : आमच्या पाच वर्षांच्या लॅब्राडोर कुत्रीच्या गुडघ्यातला लिगामेंट तुटला. नडगीचं हाड कापून, फिरवून प्लेट बसवली, त्याला चार आठवडे झाले. टाके निघाले, जखम भरली. घरात ती पाय टेकते, पण बाहेर नेलं की तीन पायांवरच पळते. मांडी बारीक झालीय. पोहायला न्यावं का?

उत्तर : आत्ता पोहणं नको. पाण्यात ती जोरात लाथा झाडेल, आणि काठावर चढता-उतरताना पाय घसरण्याची भीती वेगळीच. शिवाय तिला शिकायचंय ते पायावर भार घ्यायला. सर्जनची परवानगी असेल तर पाण्यातली ट्रेडमिल चांगली. पाणी खुब्यापर्यंत असेल तर पायांवर जेमतेम 38 टक्के भार येतो. गुडघ्याइतक्याच पाण्यात मात्र तो 85 टक्के राहतो.

वेगात कुत्र्याचं तीन पायांवर सहज भागतं. चाल मंदावली की तोल सांभाळायला चौथा पाय टेकावाच लागतो. म्हणून पट्टा आखूड धरा आणि प्रत्येक पंजा वेगळा पडताना दिसेल इतकं सावकाश चालवा. 5 ते 10 मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. दुसऱ्या दिवशी लंगडणं वाढलं नाही, तरच वेळ वाढवा. इतक्या मंद चालीतही पाय उचललेलाच राहत असेल, तर व्यायाम थांबवून तपासून घ्या; गुडघ्यातली गादी फाटल्यानेही असं होतं.

मांडीसाठी उठबस उत्तम. दुखरा पाय भिंतीकडे ठेवून बसवा, म्हणजे तो बाहेर फाकवता येत नाही. खाऊ नाकासमोर धरून वर न्या, की ती उठेल. पाच वेळा, दिवसातून दोनदा. मागचा भाग दाबून बसवू नका. व्यायामानंतर कापडात गुंडाळलेला बर्फ 10 मिनिटं गुडघ्यावर धरा. दर पंधरा दिवसांनी मांडीचा घेर एकाच जागी टेपने मोजा. तो भरायला महिने लागतात, धीर सोडू नका.

गुळगुळीत फरशीवर चटया अंथरा. नखं आणि पंज्याच्या गाद्यांमधले केस कापा.

सगळ्यात मोठा धोका आत्ताच आहे. दुखणं कमी झालं, म्हणून ती उड्या मारू बघेल. हाड मात्र अजून जुळलेलं नाही. एका उडीत स्क्रू सैल होऊ शकतात. साधारण आठव्या आठवड्याच्या एक्स-रेत हाड जुळलेलं दिसेपर्यंत मोकळं सोडू नका. जिने, सोफा बंद. पाय एकदम टेकेनाशी झाली, सूज आली किंवा जखमेतून पाणी आलं, तर त्याच दिवशी सर्जनकडे न्या.

प्रश्न : तेरा वर्षांच्या मांजरीला संधिवात आहे. तिलाही असाच व्यायाम द्यावा का?

उत्तर : मांजर जबरदस्ती सोसत नाही. दोरीला बांधलेलं पीस जमिनीलगत फिरवून दोन-तीन मिनिटं खेळवा, दिवसातून काही वेळा. आवडत्या जागेपर्यंत ठोकळ्यांच्या पायऱ्या करा, शी-शूच्या ट्रेची एक बाजू बुटकी कापा. पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. मांजराचा त्याने जीव जातो.