स्मार्ट चष्म्याच्या आरपार काचेवर अक्षरं दिसतात कशी? आणि नंबरवाल्यानं तो घ्यावा का?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत: आरपार काचेवर अक्षरं उमटतात कशी, बॅटरी-बिटरी लपवतात कुठं, आणि मायनस साडेचार नंबर असलेल्यानं असला चष्मा घ्यावा का. मी इंजिनिअर नाही. ठाण्यात नौपाड्यात आमचं चष्म्याचं दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं, आणि गेली बावीस वर्षं मी काउंटरवर आहे. त्यामुळे उत्तर दुकानाच्या बाजूनं येणार, चालवून घ्या.

असा पहिला चष्मा दुकानात घेऊन आला तो घोडबंदर रोडचा एक इंजिनिअरिंगचा मुलगा. म्हणाला, “काका, एआरवाला आहे, नंबर बसवून द्याल?” मी म्हटलं, “एआर तर हल्ली सगळेच करून घेतात, चारशे रुपये जास्त पडतील.” तो बघतच राहिला. आमच्या धंद्यात एआर म्हणजे काचेवरची चमक मारणारं अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग. त्याच्या भाषेत ऑगमेंटेड रिअॅलिटी, म्हणजे समोरच्या खऱ्या दृश्यावर आणखी काही चढवून दाखवणं. दोघं हसलो. पण नंतर वाटलं, काम तसं एकाच जातीचं आहे. काचेनं किती प्रकाश परतवायचा आणि किती सोडायचा, एवढाच दोन्हीकडचा झगडा.

आधी एक गैरसमज काढतो. आपल्याकडे दुकानात सहज मिळणाऱ्या बहुतेक स्मार्ट चष्म्यांच्या काचेवर काहीच दिसत नाही. रे-बॅन मेटा घ्या. मे २०२५ मध्ये भारतात आला तेव्हा किंमत २९,९०० रुपयांपासून होती. त्याला कोपऱ्यात कॅमेरा आहे, काड्यांमध्ये स्पीकर आहेत, माइक आहेत. तो ऐकतो, बघतो आणि कानात बोलतो. काच मात्र तुमच्या-माझ्या चष्म्यासारखीच. त्या मुलाचाही याच जातीचा निघाला, म्हणजे ‘एआरवाला’ नव्हताच! तुम्ही जाहिरातीत पाहिलेला, हवेत तरंगणारा मेसेज दाखवणारा प्रकार वेगळा आणि बराच महाग आहे.

आता अक्षरांचं. डोळ्यावरचा चष्मा न काढता त्याच्या काचेवरचा एखादा ओरखडा नीट बघायचा प्रयत्न करा. जमणार नाही. काहीतरी धूसर जाणवेल, ओरखडा दिसणार नाही. काच डोळ्यापासून जेमतेम दीड सेंटिमीटरवर असते आणि इतक्या जवळ कुणाचाच डोळा फोकस करू शकत नाही. चष्मा काढल्यावर जवळचं बारीक वाचणारे तुमच्यासारखे मायनसवालेही नाहीत. म्हणजे काचेवर अक्षरं ‘छापून’ उपयोग शून्य. अक्षरांचा प्रकाश डोळ्यात असा शिरायला हवा, जणू ती दोन-चार मीटर लांब आहेत. स्मार्ट चष्म्याची सगळी कारागिरी या एका अटीभोवती फिरते.

पुण्याहून एसी डब्यातून येताना गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली की काय होतं आठवा. खिडकीत स्वतःचा चेहरा दिसतो आणि त्याच्या आरपार बोगद्याची भिंतही पळताना दिसते. चेहरा काचेवर नसतो. तुम्ही काचेच्या जितके अलीकडे, तितकाच तो पलीकडे, बाहेर अंधारात तरंगत असतो. काच अर्धवट आरसा झालेली असते. १८६२ साली लंडनमध्ये पेपर नावाच्या गृहस्थांनी हीच युक्ती रंगमंचावर भूत दाखवायला वापरली होती. आता चेहऱ्याच्या जागी नखाएवढा उजळ पडदा ठेवा, त्याच्यापुढे एक भिंग ठेवा म्हणजे पडद्याची प्रतिमा लांब ढकलली जाईल, आणि ती अर्धवट आरशातून डोळ्याकडे वळवा. झाला स्मार्ट चष्मा, तत्त्वापुरता.

गुगल ग्लास याच तत्त्वावर होता. २०१३ मध्ये तो १,५०० डॉलरला निवडक लोकांना मिळाला. उजव्या डोळ्याच्या वरच्या कोपऱ्यात काचेचा छोटा लोलक आणि त्यात तिरका अर्धवट आरसा. २०१५ च्या जानेवारीत सामान्य ग्राहकांसाठीची विक्री थांबली. पुढे तो कारखान्यांत टिकून राहिला, विमानातल्या वायरिंगसाठी बोईंगनं वापरला, पण २०२३ मध्ये तेही संपलं. लोक याला फसलेला प्रयोग म्हणतात. माझ्या मते प्रकाशाचं गणित बरोबर होतं, फ्रेम चुकली होती. एका भुवईवर यंत्र चिकटवलेला चष्मा लग्नात कोण घालून जाणार?

सिनेमा बघायचे चष्मे येतात, वायरनं फोनला जोडायचे, त्यातही हेच, फक्त आरसे मोठे. चित्र झकास दिसतं, पण बाहेरचं जग गॉगलमधून बघितल्यासारखं काळवंडतं. ते घालून ठाणे स्टेशनचा पूल चढू नका.

खरी मजा वेव्हगाइडमध्ये, म्हणजे प्रकाशाला आतल्या आत वाहून नेणाऱ्या काचेत आहे. काचेच्या आत फिरणारा प्रकाश पृष्ठभागावर फार तिरका आदळला तर बाहेर पडूच शकत नाही, पुन्हा आत फेकला जातो. शाळेत शिकलेलं पूर्ण आंतरिक परावर्तन ते हेच. साध्या काचेत ही मर्यादा लंबाशी सुमारे ४२ अंशांची. चष्म्याच्या काडीपाशी हरभऱ्याच्या दाण्याएवढा प्रोजेक्टर बसवतात आणि त्याचा प्रकाश काचेच्या कडेतून अशा कोनात आत सोडतात की तो अडकतो. मग कॅरमचा स्ट्रायकर समोरासमोरच्या दोन कडांवर आपटत जावा, तसा तो काचेच्या दोन पृष्ठभागांमध्ये आपटत बुबुळासमोर येतो. तिथं त्याला थोडा थोडा बाहेर सोडायचा.

बाहेर सोडायच्या दोन तऱ्हा. एक म्हणजे काचेवर अतिसूक्ष्म रेषा कोरायच्या, केसाच्या जाडीत शे-दोनशे मावतील इतक्या बारीक. या रेषा प्रकाशाला वळवतात, पण प्रत्येक रंगाला वेगळ्या कोनात. जुनी सीडी तिरकी धरली की इंद्रधनुष्य दिसतं ना, तेच इथं नको तेव्हा डोकावतं. दुसरी तऱ्हा म्हणजे काचेच्या पोटातच तिरक्या अर्धवट आरशांच्या पट्ट्या बसवायच्या. रंग जास्त स्वच्छ येतात, पण त्या पट्ट्या एकमेकींना अचूक समांतर बसवणं महाकठीण. काचा घासण्यात हात काळे केलेला माणूस म्हणून सांगतो, या दुसऱ्या कामाला माझा मनापासून नमस्कार.

दोन्हीत प्रकाशाची उधळपट्टी भयंकर. प्रोजेक्टरमधून निघालेल्यातला फार थोडा हिस्सा डोळ्यापर्यंत पोचतो. वर आपलं ऊन! एप्रिलमध्ये दुपारी एकला तलावपाळीवर उभं राहिलात तर फोनचा स्क्रीनसुद्धा हाताची सावली धरून वाचावा लागतो. म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत ७९९ डॉलरला आलेल्या मेटा रे-बॅन डिस्प्लेचा उजेड ५,००० निट्सपर्यंत (निट म्हणजे पडद्याचा उजेड मोजायचं माप) चढवता येतो. त्याचा पडदा फक्त उजव्या काचेत आहे, ६०० बाय ६०० पिक्सेलचा, आणि दिसतो तो २० अंशांच्या तुकड्यात. हात लांब करून दोन मुठी शेजारी शेजारी धरा, साधारण तेवढा. जाहिरातीत अख्खी खोली चित्रांनी भरलेली दाखवतात, तसं काही नाही.

तुकडा मोठा करायचा तर काच अधिक दाट लागते. हे आम्हाला रोजचं आहे: मायनस आठवाल्याला साध्या १.५ च्या काचेऐवजी १.६७ किंवा १.७४ इंडेक्सची (इंडेक्स म्हणजे काच प्रकाश किती वाकवते त्याचा आकडा) देतो, कारण ती प्रकाश जास्त वाकवते आणि पातळ राहते. मेटानं २०२४ मध्ये ओरायन नावाचा नमुना दाखवला, त्यात सिलिकॉन कार्बाइडच्या काचा होत्या. इंडेक्स अडीचच्याही वर, आणि चित्र ७० अंशांपर्यंत पसरलेलं. पण तो विक्रीला आला नाही, आणि हिशोब करायचा छोटा डबाही वेगळा खिशात ठेवावा लागत होता.

काड्यांचं थोडक्यात. त्यात बॅटरी, चिप, ब्लूटूथ-वायफायचे अँटेना आणि स्पीकर. बॅटरी दीडशे-अडीचशे मिलिअँपिअर-अवरच्या घरातली, फोनमध्ये पाच हजारांची असते. त्यामुळे जड डोकेफोड चष्मा स्वतः करत नाही. आवाज आणि फोटो फोनकडे, फोनकडून दूरच्या सर्व्हरकडे, आणि उत्तर त्याच वाटेनं परत. रेंज गेली की हुशारी गेली. स्पीकर कानात घुसत नाही, कानाच्या वर राहून आवाज खाली टाकतो. माइक पाच-सहा असतात. तुमचा आवाज प्रत्येकाकडे किंचित वेगळ्या क्षणी पोचतो, त्या फरकावरून चिप फक्त तुमच्या तोंडाच्या दिशेचा आवाज वेचते आणि रिक्षाचा भोंगा मागे ढकलते. डिस्प्लेवाल्या मॉडेलबरोबर मनगटाला एक पट्टा येतो. बोटं हलवताना स्नायूंत उठणारे विजेचे बारीक संकेत तो ओळखतो, म्हणजे चारचौघांत हवेत हातवारे करायला नकोत.

या काड्यांवरून माझी स्वतःची एक चूक सांगतो. त्या मुलाचा चष्मा नाकावरून घसरत होता. सवयीनं मी काडी गरम हवेच्या हीटरखाली धरायला निघालो. प्लॅस्टिकची काडी अशी मऊ करून कानामागे वाकवायची, हे मी झोपेतही करतो. आमच्या दुकानातला पोऱ्या ओरडला, “दादा, आत बॅटरी आहे!” कपाळावर हात मारला. म्हणजे असा चष्मा साध्या चष्म्यासारखा बसवता येत नाही, नोजपॅडवर जमेल तेवढं भागवायचं. आणि वजन बघा. साधी प्लॅस्टिक फ्रेम काचांसकट पंचवीस-तीस ग्रॅम, हा कॅमेरावाला पन्नासच्या आसपास, डिस्प्लेवाला ६९. घाम आलेल्या नाकावर हा फरक दुपारपर्यंत कळतो. डिस्प्लेवाला दोन-तीन मिलिमीटर घसरला तरी चित्राची कड कापली जाऊ शकते. तेव्हा घेताना बुबुळांमधलं अंतर, आमच्या भाषेत पीडी, नीट मोजून घ्या.

आता तुमचा नंबर. कॅमेरावाल्या रे-बॅन मेटाला कंपनीनं दिलेली मर्यादा मायनस सहा ते प्लस चार, म्हणजे साडेचार आरामात बसतो. डिस्प्लेवाल्याला मायनस चार ते प्लस चार. तिथं तुम्ही अर्ध्यानं बाहेर पडता. सिलिंडर (चिठ्ठीवरचा दुसरा आकडा, अॅस्टिग्मॅटिझमचा) असेल तर तोही यात धरला जातो, म्हणून नुसता आकडा न सांगता आख्खी चिठ्ठी दाखवा.

एक अनुभव मात्र भारी होता. एका गिऱ्हाइकानं अमेरिकेहून आणलेला डिस्प्लेवाला मला घालून बघायला दिला. माझं वय एक्कावन्न, लांबचा नंबर नाही, जवळचा दोन. वाचायचा चष्मा नसला तर फोनवरचा मेसेज मला मुंग्यांची रांग दिसतो. इथं मात्र अक्षरं लख्ख वाचली, कारण प्रतिमा लांब टाकलेली असते, जवळचा नंबर मधे येतच नाही. चाळिशी लागलेल्यांना ही गोष्ट विक्रेते का सांगत नाहीत, कोण जाणे.

कॅमेऱ्याबद्दल सांगायला हवं. रेकॉर्डिंग चालू असताना फ्रेमवर छोटा पांढरा दिवा लागतो. उन्हात तो कुणाला दिसणार? २०२४ मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी कॅमेरावाल्या रे-बॅन मेटाला चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर जोडलं आणि रस्त्यावरच्या अनोळखी माणसांची नावं-पत्ते शोधून दाखवले, धोका लोकांना कळावा म्हणून. आमच्या तपासणीच्या खोलीत मी असला चष्मा काढून ठेवायला सांगतो. कुणी रागावलं तर रागावो. दुसऱ्या बाजूला, फार कमी दिसणाऱ्यांना हाच कॅमेरा औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचून दाखवतो, किंवा बी माय आइज या सेवेतून दूरच्या स्वयंसेवकाला समोरचं दाखवून वाट विचारू देतो. माझ्याकडे कुणी त्यासाठी विचारायला आलं तर मी लगेच ‘घ्या’ म्हणेन.

तुम्ही हौसेसाठी घेणार असाल तर कॅमेरावाला घ्या, डिस्प्लेवाल्यासाठी मॉडेलच्या अजून एक-दोन पिढ्या थांबा. आणि बजेटमध्ये आणखी एका चष्म्याचे पैसे धरा. त्या घोडबंदरच्या मुलाला मी मायनस तीनच्या काचा बसवून दिल्या, खूश होऊन गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंत चाचपडत यावं तसा दुकानात शिरला, डोळे बारीक करून. त्याचा जुना चष्मा मोडला होता आणि नवा डबीत चार्जिंगला लावला होता. म्हणाला, “काका, हा चार्ज होईपर्यंत घालायला एक साधा द्या ना.”