जास्वंदीचं काय बिघडलं?

प्रश्न: कमाटीबागेत सकाळी मोबाइलवर काढलेला लाल जास्वंदीचा फोटो पाठवतेय. घरचे म्हणतात झकास, मला काहीतरी खटकतंय. काय चुकलं?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर: ताई, खटकलं ते बरोबरच. फोटो मोठा करून पाकळी बघा: शिरा गायब, नुसता लाल थापा. थेट उन्हात लाल फुलाचं असंच होतं, कॅमेऱ्यात लाल रंग आधी भरून जातो. स्क्रीनवर फुलाला बोट टेकवून उजेड कमी करा, नाहीतर ढगाची वाट बघा. शिवाय दांड्याच्या टोकाची ती पाच मखमली बोंडं धूसर, नि मागची पानं स्पष्ट! जास्वंदीत नजर आधी बोंडांवरच जाते. मागचा कचऱ्याचा डबा एक पाऊल सरकलात की जाईल. दव मात्र खरं दिसतंय. आमच्याकडे फवारा मारलेलीच फुलं जास्त येतात.