विंडोजचा डिफेंडर कायमचा कसा बंद करायचा?

प्रश्न: पारोळ्याला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. विंडोज १० आहे. डिफेंडर बंद केला की थोड्या वेळाने आपोआप चालू होतो, मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरची फाइल उडवतो, आणि मशीनही हळू झालंय. त्याला कायमचं बंद कसं करायचं?

उत्तर:

डिफेंडर, म्हणजे विंडोजसोबतच येणारा अँटिव्हायरस, बंद होतो, पण कायमचा होत नाही. आणि तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तुम्हाला तो बंद करायची गरजही दिसत नाही. एका फोल्डरला त्याने हात लावू नये, एवढंच तुमचं काम आहे. मी अमळनेरला हाच धंदा करतो, दुरुस्तीही आणि फॉर्मही, त्यामुळे तुमच्या टेबलावर काय काय पसरलेलं असेल याचा बऱ्यापैकी अंदाज आहे.

आधी तात्पुरतं बंद करायचं सांगतो. स्टार्टमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' टाइप करून उघडा. त्यात 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', मग खाली 'मॅनेज सेटिंग्ज', आणि तिथे 'रिअल-टाइम प्रोटेक्शन'चं बटण ऑफ करा. झालं. मशीन रिस्टार्ट केलं किंवा थोडा वेळ गेला की ते स्वतःच परत ऑन होतं. हा बिघाड नाही, मायक्रोसॉफ्टने मुद्दाम तसं ठेवलंय. यूट्यूबवर रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) एक ओळ टाकून डिफेंडर कायमचा बंद करायचे जे व्हिडिओ फिरतात, ते जुने आहेत. २०१९ मध्ये टॅम्पर प्रोटेक्शन, म्हणजे डिफेंडरच्या सेटिंग्जमध्ये बाहेरून ढवळाढवळ होऊ न देणारं कुलूप, आलं आणि २०२० च्या ऑगस्टपासून रजिस्ट्रीतली ती ओळ डिफेंडर मोजतच नाही. ग्रुप पॉलिसीचा (ऑफिसांसाठीच्या विंडोजमधल्या नियमांच्या सेटिंगचा) रस्ता विंडोजच्या होम एडिशनमध्ये मुळात नाहीच, आणि दुकानांतल्या बहुतेक मशीनवर होमच असतं. 'डिफेंडर रिमूव्हर' नावाची जी फुकट टूल्स मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. अँटिव्हायरस काढायला अनोळखी माणसाचा प्रोग्राम ॲडमिनच्या हक्काने चालवायचा, हा कुठला शहाणपणा?

दुसरा अँटिव्हायरस टाकला तर मात्र डिफेंडर आपणहून बाजूला होतो. क्विक हील टाका, दुसरा कुठला टाका, विंडोज ते ओळखतं. त्याची मुदत संपली किंवा तो काढला की डिफेंडर परत कामाला लागतो. दोन्ही एकदम चालवायचा खटाटोप करायचा नसतो. पण नुसता डिफेंडर नको म्हणून दुसरा विकत घेणार असाल, तर तोही त्या टायपिंगच्या फाइलला पकडायची शक्यता आहे. मग पैसे घालून तिथल्या तिथेच.

आता मुख्य गोष्ट. फाइल उडवली म्हणजे ती बहुतेक वेळा पुसलेली नसते, क्वारंटाइनमध्ये, म्हणजे डिफेंडरने वेगळी कोंडून ठेवलेली असते. त्याच विंडोज सिक्युरिटीत 'प्रोटेक्शन हिस्ट्री' उघडा. त्या नोंदीवर क्लिक केलं की धोक्याचं नाव आणि फाइल कुठे होती तो पत्ता, दोन्ही दिसतं. आमच्याकडे गिऱ्हाईक लॅपटॉप उघडून विचारतं, 'भो, हाई लाल लाल काय दखाडी ऱ्हायनं?' मी आधी ते नावच वाचतो, कारण निम्मं उत्तर त्या नावात असतं. 'हॅकटूल' किंवा 'कीजेन' असं दिसलं तर तो क्रॅक, म्हणजे लायसन्स फोडून चालवायचा जुगाड आहे, सॉफ्टवेअर नाही. नावाच्या शेवटी उद्गारचिन्ह आणि 'एमएल' असेल तर डिफेंडरने मशीन लर्निंगने अंदाज बांधलाय, तो कधीकधी चुकतो. जुनी, बनवणाऱ्याची डिजिटल सही नसलेली देशी सॉफ्टवेअरं या अंदाजात विनाकारण सापडतात. 'ट्रोजन' किंवा 'वर्म' असेल आणि शेवटी तसं काही नसेल, तर वाद घालू नका.

खात्री करायची तर ती फाइल व्हायरसटोटलच्या साइटवर टाका. तिथे अनेक अँटिव्हायरस एकदम तपासतात. एखाददुसरा ओरडला तर चालतं, निम्मे ओरडले तर फाइल गेली असं समजा. फक्त सॉफ्टवेअरची फाइलच टाका हं. गिऱ्हाइकाचं आधार किंवा पासबुक असलेली पीडीएफ तिथे टाकायची नाही, कारण तिथे टाकलेल्या फाइली बाहेरच्या लोकांनाही मिळू शकतात.

सॉफ्टवेअर खरं निघालं तर 'मॅनेज सेटिंग्ज'च्या त्याच पानावर खाली जा. 'एक्सक्लुजन्स' दिसेल. त्यात 'ॲड ॲन एक्सक्लुजन', मग 'फोल्डर', आणि सॉफ्टवेअरचा तेवढाच फोल्डर निवडा. मग हिस्ट्रीत येऊन फाइल 'रिस्टोअर' करा. क्रम हाच ठेवा, नाहीतर परत आलेली फाइल डिफेंडर पुन्हा उचलतो. पूर्ण सी ड्राइव्ह किंवा डाउनलोड्सचा फोल्डर एक्सक्लुजनमध्ये टाकलेली मशीनं मी पाहिली आहेत. तसं केलं तर डिफेंडर असून नसल्यासारखा.

तुमचं टायपिंगचं सॉफ्टवेअर कुणी पेन ड्राइव्हमधून 'फुल व्हर्जन' म्हणून आणून दिलेलं असेल, तर मी तरी ते परत आणणार नाही. अशा सॉफ्टवेअरची झिप पासवर्ड लावून का येते, याचा विचार करा. पासवर्ड असला की अँटिव्हायरसला आत बघता येत नाही. आणि सोबतच्या नोटपॅडच्या फाइलमध्ये 'इन्स्टॉल करण्याआधी अँटिव्हायरस बंद करा' असं लिहिलेलं असतं. क्रॅकमधून हल्ली जे येतं ते मशीन बंद पाडत नाही, उलट सगळं गुपचूप चालू ठेवतं. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड उचलून बाहेर पाठवतं. तुमच्या क्रोममध्ये पीक विम्याच्या पोर्टलचं लॉगिन सेव्ह असेल, पैसे कापायच्या वॉलेटचं असेल, आणि डेस्कटॉपवर अर्ध्या तालुक्याचे सातबारे आणि आधार पडलेले असतील. जून-जुलैच्या गर्दीत ते लॉगिन दुसऱ्याच्या हातात गेलं तर निस्तरणं अवघड आहे.

शिवाय सरकारी पोर्टलला युनिकोडच (कुठल्याही मशीनवर तसंच दिसणारं टायपिंग) लागतं, जुन्या फॉन्टमधलं टायपिंग तिथे चालत नाही. मराठी फोनेटिक कीबोर्ड (इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप केला की मराठी उमटतं तो) २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून विंडोज १० मध्येच आहे. सेटिंग्जमध्ये भाषेत मराठी जोडा आणि तिच्या पर्यायांतून तो कीबोर्ड घ्या. जुन्या फॉन्टवर हात बसलेला असेल तर सुरुवातीला चिडचिड होईल, ते मान्य.

पेन ड्राइव्हसाठी मात्र डिफेंडर चालू हवाच. आपल्या धंद्यात दिवसभर लोकांचे पेन ड्राइव्ह लागतात, आणि शॉर्टकट व्हायरस अजून गेलेला नाही. उघडल्यावर सगळ्या फोल्डरवर छोटा बाण दिसतो, गिऱ्हाईक घाबरून म्हणतं की माझे फोटो गेले. ते गेलेले नसतात, लपवलेले असतात. ड्राइव्ह आधी साफ करून घ्यायचा. मग फोल्डर ऑप्शन्समध्ये लपवलेल्या फाइली दाखवायचा पर्याय निवडून 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'वरची टिक काढली की खरे फोल्डर फिकट रंगात समोर येतात. काम झालं की टिक परत लावा. एक लक्षात असू द्या, डिफेंडरचा फुल स्कॅन मुळात पेन ड्राइव्ह तपासत नाही. त्यासाठी ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर' द्यावं लागतं. प्रिंट काढायच्या आधी ही सवय लावा.

राहिलं मशीन हळू होण्याचं. टास्क मॅनेजर उघडून 'ॲन्टिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' किती घेतंय ते बघा. ते डिफेंडरचंच काम आहे. ठरलेल्या स्कॅनला तो साधारण अर्ध्या सीपीयूच्या पुढे जात नाही, आणि मशीन रिकामं असतानाच स्कॅन करायला बघतो. डिस्क १०० टक्के दिसत असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर दोष डिस्कचा आहे. जळगावला गोलाणी मार्केटला चक्कर झाली तर एक एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) घेऊन या, डिफेंडर बंद करून मिळेल त्याच्या कितीतरी पट फरक पडेल.

आणि कॅबिनेट उघडून पंखा बघा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो, त्यात पत्र्याचं दुकान. जिनिंगच्या ऑफिसातलं मशीन उघडलं तर सीपीयूच्या पंख्यावर रुईचा नुसता नमदा बसलेला असतो, बोटाने सोलून काढावा लागतो. सीपीयू तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि शिव्या खातो डिफेंडर. ब्रश आणि ब्लोअर मारा, सीपीयूवरची उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट वाळली असेल तर नवी लावा.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिफेंडरला नव्या व्हायरसांची माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय, पण विंडोजमधली भोकं बुजवणं वेगळं, ते डिफेंडरचं काम नाही. तुमचा प्रोसेसर इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा पुढचा आहे का आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आहे का ते बघा. असेल तर विंडोज ११ वर जा. एसएसडी टाकणारच असाल तर दोन्ही कामं एकाच वेळी उरका, म्हणजे गिऱ्हाइकांचा डेटा एकदाच हलवावा लागेल.