वाचकांचे प्रश्न : सांगाड्याचं चित्र भरल्या घरात लावावं का?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी बँकेत नोकरी करते. पुस्तकांचं वेड लहानपणापासूनचं, आणि त्यातही कवट्या, भुतं, विचित्र प्राणी अशी बारीक रेघांची चित्रं असलेलं पुस्तक दिसलं की माझा पाय तिथून निघत नाही. मध्यंतरी रद्दीवाल्याकडे एका फाटक्या इंग्रजी पुस्तकात एक सुटं चित्र मिळालं. फाटक्या कपड्यांतला म्हातारा शेतकरी नांगर धरून चाललाय, आणि घोडे हाकतोय एक सांगाडा! ते मला फ्रेम करायचंय. सासूबाई म्हणतात, भरल्या घरात असलं अभद्र नको. हे चित्र कुणाचं? अस्सल असेल का? आणि असल्या गोष्टींत मन रमणं वाईट का?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : तुमचा सांगाडा मी वर्णनावरूनच ओळखला. हान्स होल्बाइन या जर्मन चित्रकाराच्या मृत्यूवरच्या मालिकेतला तो. 1538 साली फ्रान्समधल्या ल्याँ शहरात ती 41 चित्रांची मालिका पुस्तकरूपाने निघाली. राजा, पोप, व्यापारी, म्हातारी, सगळ्यांना न्यायला मृत्यू येतो आणि कुणाचीच गय करत नाही. मूळ चित्र जेमतेम साडेसहा सेंटिमीटर उंच. एवढ्याशा लाकडी ठोकळ्यात घोडे, नांगराच्या सऱ्या, दूरचं चर्च आणि मावळतीची किरणं कोरली आहेत हान्स लुट्झलबुर्गर नावाच्या कारागिराने. पुस्तक निघण्याआधीच तो वारला होता. त्याचं नाव मी मुद्दाम सांगते, कारण होल्बाइनला सगळे ओळखतात, पण ज्या हाताने ती रेघ प्रत्यक्ष कोरली तो मागेच राहतो.

याच मालिकेतलं लहान मुलाचं चित्र मिळवून बघा. मोडक्या झोपडीत आई चुलीपाशी काही शिजवतेय आणि मृत्यू मुलाचा हात धरून दाराकडे निघालाय. मूल मागे वळून आईकडे हात करतंय. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. पण परत उघडलं, आणि अजूनही उघडते.

अस्सलपणाची आशा मात्र फार धरू नका. या चित्रांच्या नकला शतकानुशतकं छापल्या गेल्या आहेत. तरी तपासणी घरच्या घरी होते. आमचं बाइंडिंगचं दुकान होतं, तिथे वडिलांनी मला हे शिकवलं. चांगलं भिंग घ्या आणि काळ्या रेघेवर धरा. रेघ बारीक बारीक ठिपक्यांची बनलेली दिसली, तर फोटोवरून केलेली छपाई. रेघ सलग आणि काळीभोर असेल, तर कागद उलटा करून हलकेच बोट फिरवा. दाबाचा उठाव लागला तर ठोकळ्याची छपाई समजा, म्हणजे निदान नक्कल तरी जुन्या पद्धतीची. एचिंगची, म्हणजे धातूच्या प्लेटवर आम्लाने रेघ कोरून केलेल्या छपाईची, खूण वेगळी. तिथे चित्राभोवती धातूच्या प्लेटच्या कडेची दबलेली चौकट उमटते आणि शाई कागदावर किंचित उभी राहते, बोटाला जाणवते. स्पॅनिश चित्रकार गोयाने 1799 मध्ये प्रसिद्ध केलेल्या 80 एचिंगांत वटवाघळं, घुबडं आणि चेटकिणी आहेत. त्यातल्या करड्या छटा राळेच्या बारीक भुकटीने साधलेल्या. हे तंत्र डोळ्यांनी पाहायचं असेल तर आपल्या वडोदऱ्याच्या विद्यापीठातल्या फाइन आर्ट्स विभागाच्या वार्षिक प्रदर्शनात छापचित्रांच्या दालनात जा. मुलंमुली मनापासून समजावून सांगतात.

आता तुमचा खरा प्रश्न. मन रमतं ते मरणात नव्हे, ताई. ते रेघेत रमतं. एडवर्ड गोरी या अमेरिकन चित्रकाराने 1963 साली इंग्रजी वर्णमालेच्या 26 अक्षरांवर 26 मुलांचे मृत्यू रेखाटले. नुसतं ऐकलं तर अंगावर काटा येतो. पण पान उघडा. भिंतीवरचा कागद, गालिचा, अंधार, सगळं मोठ्या धीराने एकेका रेघेने विणलेलं आहे. रक्ताचा थेंब जवळपास दिसत नाही. बहुतेकदा घटना घडण्याच्या क्षणभर आधी तो थांबतो आणि पुढचं आपल्यावर सोडतो. जपानी चित्रकार कुनियोशीचा प्रचंड सांगाडाही असाच. 1840च्या दशकातलं हे चित्र तीन कागद जोडून केलेलं. बांबूचा पडदा फाडून तो आत वाकतो आणि त्याची एकेक बरगडी मोजून घ्यावी अशी. भीतीसाठी भीती विकणारी चित्रं मला आवडत नाहीत. त्यांच्यात पाहण्यासारखं काही उरत नाही. तुमची आवड त्यातली नाही, हे तुमच्या पत्रातल्या 'बारीक रेघा' या दोन शब्दांवरूनच कळलं.

सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांना आपल्याच देवळांतली चित्रं दाखवा. चामुंडा पाहा : खपाटीला गेलेलं पोट, त्यावर विंचू, गळ्यात मुंडमाळा, आणि तिला आपण आई म्हणतो. शंकराचा भृंगी तर हाडांचा सापळाच. पार्वतीच्या शापाने रक्तमांस गेलं, उभं राहता येईना, म्हणून शंकराने तिसरा पाय दिला. वेताळाच्या गोष्टी त्यांनीही नातवंडांना सांगितल्या असतील. आणि तुकोबांनी आपलं मरण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि त्याला सोहळा म्हटलं. अशा घरात होल्बाइनचा नांगरवाला परका कसा? तरी देवघरासमोर किंवा जेवायच्या टेबलापाशी लावू नका. पुस्तकांच्या कपाटाच्या आतल्या बाजूला लावा. दार उघडलं की तुमचं, मिटलं की घर त्यांचं. त्यांचा मान राहील आणि उन्हापासून कागदही वाचेल.

एका रविवारी त्यांना कमाटीबागेतल्या संग्रहालयात घेऊन जा. तिथे इजिप्तची ममी आहे, आणि 1944 साली मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या देवमाशाचा सांगाडा आहे. शाळेच्या सहलीला आलेली पोरं त्याच्याखाली उभी राहून माना वर करून बघतात, त्यात घाबरलेलं कुणी दिसत नाही.

प्रश्न : जुन्या सचित्र पुस्तकांना कसर लागली आहे. काय करू? फाटलेल्या पानाला सेलोटेप चालेल का?
– एक वाचक, रावपुरा, वडोदरा

उत्तर : सेलोटेप मुळीच नको. चिकट डाग कागदात मुरतो आणि मग निघत नाही. गव्हाच्या पिठाची पातळ खळ करा आणि जपानी टिश्यूची, म्हणजे पातळ पण चिवट कागदाची, पट्टी मागच्या बाजूने लावा. बाइंडर खळीत मोरचूद घालतात, तो चित्राच्या पानाला लावू नका, कागद खराब होतो. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. कसर ओलाव्यात वाढते. कपाटात वेखंडाची पूड मलमलच्या पुरचुंडीत ठेवा, आणि कडुनिंब ठेवायचा तर कडकडीत वाळलेला. ओल्या पानांनी बुरशी येते. आणि पुस्तकं अधूनमधून हातात घ्या, उघडा, चाळा. उघडल्या-वापरल्या पुस्तकांत कसर फारशी टिकत नाही.