ऑफिसला आणि घरी एकच ब्राउझर वापरू का वेगवेगळे?

वेगळेच ठेवा, अनुभवाने सांगतो. मी अंबड एमआयडीसीत एका छोट्या कंपनीचे अकाउंट्स बघतो आणि आधी सगळं एकाच क्रोममध्ये चालायचं, मग एकदा मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर केलेली असताना जीएसटीची साईट उघडायला नुसतं जी दाबलं तर खाली 'गुडघेदुखी घरगुती उपाय' आलं, सगळे हसले, साहेबांनी दुसऱ्या दिवशी तेलाची बाटली आणून दिली!

आता कामाला मायक्रोसॉफ्टचं एज. क्रोम पण चालेल, काही फरक नाही, २०२० पासून एजसुद्धा क्रोमियमवरच, म्हणजे क्रोम ज्यावर बनलंय त्याच पायावर आहे त्यामुळे जी साईट एकात चालते ती शक्यतो दुसऱ्यात चालतेच.

घरच्यासाठी फायरफॉक्स. त्याचं इंजिन, म्हणजे साईट उघडून दाखवणारा आतला भाग, वेगळं आहे, गेको नावाचं, आणि मुख्य म्हणजे जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन त्यात पूर्ण चालतं, क्रोममध्ये आता त्याचं फक्त 'लाईट' म्हणजे कमी ताकदीचं रूप मिळतं. क्वचित एखादी सरकारी साईट रुसते, तेव्हा तेवढ्यापुरतं एज उघडायचं.

लॅपटॉप जुना असेल, रॅम ४ जीबी वगैरे, तर दोन ब्राउझर एकदम उघडे ठेवू नका, क्रोममध्येच दोन प्रोफाईल करा, वर उजवीकडे फोटोवर क्लिक केलं की ऑप्शन येतो, आणि दोघांना रंग वेगळे द्या म्हणजे घाईत चुकत नाही.

आणि हो, पासवर्ड इकडून तिकडे नेताना जी सीएसव्ही फाईल बनते ती काम झालं की लगेच डिलीट करा, त्यात सगळे पासवर्ड उघडे दिसतात, रीसायकल बिनमधून पण काढा.