गुंठा घेऊ का?

प्रश्न: दादा, मी २५ वर्षांचा, चाकणला नोकरी, ४ लाख साठलेत. एजंट म्हणतो शिरूरकडे १ गुंठा घे, सातबाऱ्यावर १० जणांसोबत तुझंही नाव लागेल, २ वर्षात डबल. घरी शेती नाही. घेऊ का?

उत्तर: अरे थांब जरा, टोकन दिलं नाहीस ना अजून? पहिली गोष्ट, घरी शेती नाही म्हणजे तू शेतकरी नाहीस, आणि महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला कलेक्टरच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, १९४८ च्या कुळकायद्यातच आहे ते, एजंट हे कधीच आपणहून सांगत नाही. आणि सामाईक सातबारा म्हणजे तुझा १०८९ स्क्वेअर फूट नक्की कुठला हे कागदावर कुठेच नसतं, उद्या विकायला गेलास की बाकीचे दहा जण आडवे येणार, मग मोजणी, वाटप, कोर्ट, बसा बोंबलत.

प्लॉटच हवा तर एनए (म्हणजे बिगरशेती) झालेला बघ, स्वतंत्र सातबारा, मंजूर लेआउट, रस्ता नकाशात आहे का ते बघ, मोठी स्कीम असेल तर महारेराच्या (बिल्डर-प्लॉट स्कीमवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) साइटवर स्कीमचा नोंदणी नंबर टाकून चेक कर. फेरफार, म्हणजे जमीन कुणाकडून कुणाकडे गेली त्याच्या नोंदी, वाचायला वकील लाव, फी वाचवू नकोस. स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशनचे पैसे वेगळे धर. ४ लाखात हे सगळं बसत नसेल तर सरळ थांब, तोपर्यंत आरडी चालू ठेव.