वाचकांचे प्रश्न : तीन हद्दींमध्ये एक उद्यान

प्रश्न : आमची वसाहत हिंडलगा ग्रामपंचायतीत आहे. एका बाजूला कॅन्टोन्मेंटची (लष्करी छावणीची) हद्द लागते आणि थोडे पुढे बेळगाव महापालिकेची. संध्याकाळी मुले खेळायला आणि वयस्कर मंडळी फिरायला हद्दी ओलांडूनच जातात. शेजारच्या स्थानिक संस्थांनी मिळून उद्यान व क्रीडांगण उभारण्याची कायद्यात सोय आहे का? असल्यास आम्ही सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, हिंडलगा

उत्तर : सोय आहे, आणि ती थेट राज्यघटनेत आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीनुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा नियोजन समिती असावी लागते. पंचायती आणि नगरपालिका यांच्या योजना एकत्र करून संपूर्ण जिल्ह्याचा विकास आराखडा तयार करणे हे तिचे काम असून, तो करताना जागेचे नियोजन, पाण्याची वाटणी आणि पर्यावरणाचे संवर्धन अशा सामाईक हिताच्या बाबी विचारात घेण्याचे बंधन तिच्यावर आहे. या समितीचे किमान चार-पंचमांश सदस्य जिल्हा पंचायतीच्या व नगरपालिकांच्या लोकनियुक्त सदस्यांतून यायचे असतात. कर्नाटकात जिल्हा पंचायतींची मुदत २०२१ मध्ये संपली आणि पुढच्या निवडणुका लांबत गेल्या. ग्रामीण भागाचे म्हणणे ज्या वाटेने समितीपर्यंत पोहोचायचे, तीच वाट त्यामुळे अडली, ही खेदाची गोष्ट आहे. म्हणून वरून काही येईल याची वाट न पाहता संबंधित संस्थांनी आपसांत करार करावा, असे आमचे मत आहे. कॅन्टोन्मेंट कायदा, २००६ कॅन्टोन्मेंट बोर्डाला, म्हणजे छावणीचा स्थानिक कारभार पाहणाऱ्या मंडळाला, शेजारच्या स्थानिक संस्थेबरोबर संयुक्त समिती नेमण्याची मुभा देतोच.

एकत्र येण्याचा सर्वांत मोठा लाभ जागेच्या हिशेबात दिसतो. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत ५,००० लोकवस्तीमागे अर्ध्या हेक्टरचे, १५,००० मागे १ हेक्टरचे आणि १ लाखामागे ५ हेक्टरचे उद्यान असावे, असे प्रमाण दिले आहे. प्रत्येक संस्थेने फक्त आपल्या हद्दीतील डोकी मोजली, तर प्रत्येकीच्या वाट्याला दोन झोपाळे आणि एक घसरगुंडी मावेल एवढाच तुकडा येतो. तीच वस्ती एकत्र मोजली, तर धावण्याच्या पट्ट्यासह खरेखुरे मैदान मागता येते.

मात्र उद्यान उभारणे त्यामानाने सोपे असते, टिकवणे अवघड. मार्च उजाडला की बोअरवेलचे पाणी खाली जाते, मोटारीचे वीजबिल थकते, हिरवळ करपते, झोपाळ्याची साखळी कडीपाशी झिजून तुटते, आणि ती बदलण्याचे शंभर-दोनशे रुपये कोणत्या खात्यातून काढायचे हे कोणालाच माहीत नसते. माळ्याचा पगार, पाण्याचा स्रोत, वीजबिल, फाटकाची किल्ली व वेळा, अपघाताची जबाबदारी आणि लोकसंख्येनुसार खर्चातील वाटा या गोष्टी पायाभरणीपूर्वी लेखी ठरल्याच पाहिजेत. इंग्लंडमधील ली व्हॅली प्रादेशिक उद्यान नदीकाठाने सुमारे ४२ किलोमीटर पसरले आहे आणि १९६७ पासून त्याचे स्वतंत्र प्राधिकरण आहे. लंडन, एसेक्स व हर्टफर्डशर येथील स्थानिक संस्थांच्या करातून त्याला वाटा मिळावा, अशी तरतूद कायद्यातच असल्याने त्याच्या देखभालीचा पैसा दरवर्षीच्या मर्जीवर अवलंबून राहिलेला नाही.

जागेबाबत एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारातील भाताची जमीन उद्यानाच्या नावाखाली कोणी मागू नये. लेआउट (वसाहतीतील भूखंडांचा आराखडा) मंजूर होताना राखून ठेवलेले मोकळे भूखंड आणि तलावांचे काठ आधी पाहावेत. अशा भूखंडांना न्यायालयाचे भक्कम संरक्षण आहे : बेंगळुरूच्या सदाशिवनगर परिसरात उद्यानासाठी राखीव जागा खासगी रुग्णालयाला देण्यात आली, तेव्हा रहिवासी न्यायालयात गेले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ते वाटप बेकायदा ठरवले. कॅन्टोन्मेंटमधील संरक्षण खात्याच्या जमिनीवर काही उभारायचे तर त्या खात्याची परवानगी लागते. त्यामुळे जागा पंचायतीची किंवा महापालिकेची आणि बोर्डाचा सहभाग खर्चात, अशी रचना अधिक व्यवहार्य ठरेल.

आपण प्रथम पीडीओंकडून (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडून) पंचायत हद्दीतील मंजूर लेआउटचे नकाशे मागवावेत. न मिळाल्यास माहिती अधिकारात अर्ज करावा. मोकळे भूखंड, तलाव आणि चालत जाण्याचे रस्ते तिन्ही हद्दींसह एकाच नकाशावर काढावेत, कारण अधिकाऱ्यांसमोर लांबलचक निवेदनापेक्षा असा नकाशा अधिक काम करतो. त्यानंतर ग्रामसभेत ठराव करून त्याच्या प्रती महापालिका, कॅन्टोन्मेंट बोर्ड, बुडा (बेळगाव नगरविकास प्राधिकरण) आणि जिल्हाधिकारी यांना पोचपावती घेऊन द्याव्यात. बुडाच्या महायोजनेवर हरकती व सूचना मागवल्या जातात, तेव्हा हाच ठराव पुन्हा दाखल करावा. कॅन्टोन्मेंटचे नागरी भाग शेजारच्या नागरी संस्थांत विलीन करण्याचे केंद्राचे धोरण आहे. त्यामुळे आज सही करणारी संस्था उद्या त्या भागापुरती असेलच असे नाही. तिच्या जागी येणाऱ्या संस्थेवरही करार बंधनकारक राहील, असे कलम त्यात अवश्य घालून घ्यावे.